काळी चार आणि एकतीस रकाने

आमच्या मंडळाचे पेटीवाले काका यंदा मुलाकडे नाशिकला राहायला गेले आणि जाताना पेटी घेऊन गेले. पेटी त्यांचीच होती, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. पण दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या गणपतीत ती इतकी वर्षं वाजली होती, की ती मंडळाचीच आहे असा समज होऊन बसला होता. सरकारी वसाहतीत असे समज लवकर होतात.

खरी अडचण पेटीची नव्हती, मावशींची होती. मावशी शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या, आता फरीदाबादला मुलाकडे असतात. गणपतीच्या कार्यक्रमात शेवटी त्यांचं एक नाट्यपद, मग भैरवी, मग प्रसाद, हा क्रम ठरलेला. त्यांनी मला फोनवर सांगितलं, "पेटी नाही ना? मग यंदा मला धरू नका. सत्तरी उलटली, आता पुरे." त्या 'यंदा'मध्ये पुढची सगळी वर्षं होती. बाकीचं गाणं त्यांनी एकेक करून सोडलंच होतं. हे एकच उरलं होतं.

म्हणून बैठकीत मी सॉफ्टवेअर सिंथेसायझरचा विषय काढला. लॅपटॉपमध्येच हरतऱ्हेच्या वाद्यांचे आवाज तयार होतात, छोटा कीबोर्ड जोडला की वाजवता येतं, असं मी समजावलं. लहानपणी तीन वर्षं पेटी शिकलो होतो, तेवढ्या भांडवलावर वाजवायचंही कबूल केलं.

आमचे अध्यक्ष निवृत्त सहसचिव. निवृत्त झाले ते पदावरून, पद्धतीवरून नव्हे. ते म्हणाले, "सूचना चांगली आहे. पण घ्यायचा तर ऑल-पर्पज घ्या. उद्या नाटक असेल, परवा मुलांचा डान्स असेल. दर वेळी नवी फाइल उघडायची का?"

लगेच उपसमिती नेमली गेली. तीत मी आणि गुडगावच्या आयटी कंपनीत असलेले एक पुण्याचे गृहस्थ. संगीताशी त्यांचा संबंध नव्हता, पण तुलनात्मक तक्ता त्यांच्याइतका सुबक कोणी करत नाही.

आठवडाभरात तक्ता तयार झाला. उभे सहा सिंथेसायझर, आडवे एकतीस रकाने. तयार आवाज किती, एका वेळी किती स्वर वाजतात, लॅपटॉपवर भार किती, अपडेट कधी येतात. गृहस्थांचा ओढा त्यातल्या सर्वांत बोजड सिंथेसायझरकडे होता.

"हा बेस्ट आहे यार. साडेतीन हजार आवाज."

"आपल्याला किती लागतात?"

"प्रश्न लागण्याचा नाही. हा फ्युचर-प्रूफ आहे."

मी त्यांना मावशींचं वय सांगितलं नाही.

अध्यक्षांनी शंखाचा रकाना वाढवायला लावला, म्हणून एकतिसाचे बत्तीस झाले. मग आम्ही प्रत्येकाची चाचणी आवृत्ती त्यांना ऐकवली. एकातली सनई ऐकताना कुकरची शिट्टी उचलल्याचा भास होत होता. दुसऱ्यात 'हिमनदीचा श्वास' या अर्थाचं इंग्रजी नाव असलेला आवाज होता. अध्यक्ष तो डोळे मिटून ऐकत राहिले आणि म्हणाले, "अथर्वशीर्षाआधी हे चालेल." चाचणी आवृत्ती दर काही मिनिटांनी मुद्दाम गप्प होते, म्हणजे माणूस विकत घेतो. अध्यक्षांना तो संगीतातला विराम वाटला आणि त्यांनी त्याची स्तुती केली. शेवटी साडेतीन हजारवाला एकमताने मंजूर झाला. त्यात पेटीचे सात आवाज होते, पैकी एक खरोखर पेटीसारखा होता.

एवढं सांगितल्यावर मावशी तालमीला यायला तयार झाल्या. रविवारी दुपारी हॉलमध्ये आल्या, सतरंजीवर बसल्या आणि लॅपटॉपकडे बघून म्हणाल्या, "भाता कुठं आहे याचा?" मग मंडळाच्या तबलजींना म्हणाल्या, "काळी चार." ही त्यांची नेहमीची पट्टी.

मी काळी चारचा षड्ज धरला. नाट्यपद सुरू झालं आणि अंतऱ्यात, वरच्या षड्जाला, आवाज चिरला. त्या खाकरल्या. पुन्हा धरलं, पुन्हा तिथंच. तिसऱ्यांदा त्यांनी तो स्वर घेतलाच नाही, हाताने नुसता दाखवला.

"दिल्लीची हवा," मी म्हणालो.

"हवा असेल," त्या म्हणाल्या आणि पर्स उचलली. "आवाज छान आहे हो तुमच्या यंत्राचा. मुलांच्या डान्सला घ्या."

मी त्याच संध्याकाळी नाशिकला फोन केला. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

"काळी चार दिलीत?"

"त्यांनीच मागितली."

"मागतातच त्या. माझी पेटी स्केल चेंजरची. पट्ट्या सरकवायची सोय असते. बोट काळी चारवरच ठेवायचं आणि आधीच गुपचूप पट्ट्या दोन घरं खाली सरकवायच्या. पहिल्यांदा एकच घर सरकवायचो. मागच्या वर्षी दोन केली. दिसायला काळी चार, वाजते काळी तीन."

"त्यांना माहीत होतं?"

"मी कधी विचारलं नाही," काका म्हणाले. "तुम्हीही विचारू नका."

मी तक्ता काढून पाहिला. बत्तीस रकान्यांत स्वर खाली उतरवण्याची सोय कुठंच नव्हती. ती नोंदवावी असं कोणाला वाटलंच नव्हतं, कारण ती सहाही सिंथेसायझरमध्ये होती. त्यातला एक तर फुकट होता, आणि म्हणूनच तो पहिल्याच फेरीत बाद झाला होता.

पुढच्या रविवारी मावशींना कसंबसं आणलं. पट्टी दोन घरं खाली आधीच केली होती. शिवाय पडद्यावर एक बारीक खुंटी होती, घराच्या आतही स्वर केसभर हलवणारी. ती मी माझ्या अकलेने आणखी खाली केली, कारण वर्ष उलटलं होतं. मावशींनी "काळी चार" म्हटलं, मी काळी चारवर बोट ठेवलं. वरचा षड्ज आला. नुसता आला नाही, थांबला.

तबलजी पाणी प्यायला उठले तेव्हा मावशी माझ्याकडे सरकल्या.

"जरा जास्तच उतरवलंस रे. मंद्रात घोगरं होतंय. थोडं चढव."

माझा हात खुंटीकडे गेला.

"काकांनी सांगितलं ना?" त्या म्हणाल्या. "गळ्याला कळतं. पण ते कधी बोलले नाहीत, मीही नाही."

मी खुंटी थोडी वर घेतली. "एवढी?"

"आणखी. हां, बस." हे कुठलंच घर नव्हतं. काळी तीन आणि पांढरी पाच यांच्या मधली ही जागा काकांच्या पेटीत नव्हतीच.

कार्यक्रमात अध्यक्षांनी नवीन यंत्रणेवर प्रास्ताविक केलं. साडेतीन हजार या आकड्याला टाळ्या मिळाल्या. शेवटी मावशी आल्या, पदर सारखा केला, आणि माईक तोंडाशी असतानाच, मागच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा आवाजात तबलजींना म्हणाल्या, "काळी चार."

तबलजींनी माझ्याकडे पाहिलं. तबला त्यांनी त्या मधल्या जागेवर आधीच लावून ठेवला होता.

"काळी चार," मीही म्हणालो.