वरणातलं पेट्रोल

फुकट या गोष्टीचा इतका धसका घेतलेला माणूस अख्ख्या विदर्भात दुसरा सापडायचा नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, ताईचे यजमान, म्हणजे माझे साडू, बाजारात शिरले की भाजीवाले पोतं सारखं करायच्या निमित्ताने खाली वाकतात. नागपुरात वांगी घेतली की वरून मूठभर सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर, पिशवीत पडतोच. ही रीत आहे, तिच्यावर कोणी बोलत नाही. साडूभाऊ बोलतात. "सांबाराचे किती अन् वांग्याचे किती, अलग अलग सांग." भाजीवाला म्हणतो, "काका, सांबार तं तसाच देऊन राहिलो." "तसाच कोणी देत नाही बापा. वांग्यात लावले तू." शेवटी एका भाजीवाल्याने हात जोडले आणि म्हणाला, "काका, तुम्ही वांगेही नका घेऊ." साबणासोबत मोफत आलेला चमचा ते दुकानदाराला परत देतात आणि तेवढे पैसे कमी करायला सांगतात. एका लग्नात निघताना हातात भेटवस्तू पडली, तर त्यांनी वरबापाला चारचौघांत विचारलं, "हे आमच्याच आहेराच्या पाकिटातून घेतलं काय?" ताईने तेव्हापासून त्यांना लग्नांना नेणं सोडून दिलं.

साडूभाऊ कामाला होते ती हिंगण्याची कंपनी बंद पडली तेव्हा त्यांना नवी नोकरी मिळायचं वय राहिलं नव्हतं आणि घरात कमावणारं दुसरं कोणी नव्हतं. ताईच्या हाताला चव होती, म्हणून दोघांनी डबे सुरू केले. ताई रांधायची आणि साडूभाऊ स्कूटरवर पोचवायचे, धंतोलीच्या दवाखान्यांत पेशंटजवळ बसलेल्यांना आणि पार शहराबाहेर वाडीला खोली करून राहणाऱ्यांना. भाव ठरवायची वेळ आली तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी एकच सल्ला दिला: पोचवायचा खर्च डब्यातच धरा आणि पाटीवर 'घरपोच फुकट' लिहा. साडूभाऊ उखडले. "म्हंजे वरणात पेट्रोल टाकू काय? दोन घरं सोडून राहतात त्या काकू रोज पायी येऊन डबा नेतात. वाडीवाल्याचं पेट्रोल त्यायनं काहून भरावं?" फाटकावर पाटी लागली. डबा ऐंशी रुपये. पोचवायचे धंतोलीला दहा, वाडीला पंचवीस.

आणि लोक त्या दहा रुपयांवर तुटून पडले. दवाखान्याच्या काउंटरवर हजारोंचं बिल न वाचता भरणारा माणूस खाली येऊन साडूभाऊंशी हुज्जत घालायचा, "दहा कशाचे? येतच तर होता तुम्ही इकडं." तेवढ्यात मागच्या गल्लीत एकाने डबे सुरू केले. भाव सरसकट एकशे दहा आणि खाली मोठ्या अक्षरांत 'घरपोच फुकट'. त्याच्या वरणात डाळ शोधावी लागायची. तरी धंतोलीतले लोक नव्वदाचा डबा सोडून एकशे दहाचा घेऊ लागले. हे मी डोळ्यांनी पाहिलं आणि मला ते अजून पचलेलं नाही. माणसाला स्वस्त नको असतं. आपल्याला काहीतरी फुकट मिळतंय, एवढं कोणी कानात सांगावं असं त्याला वाटतं, आणि सांगणाऱ्याला तो खुशीने वीस रुपये जास्त देतो. खरं बोलणाऱ्याला मात्र तो लुटारू समजतो.

एका दुपारी उरलेला भात गाईपुढे टाकून ताई घरात आली. सिलिंडर संपलं होतं आणि नवं आणायची सोय नव्हती. "तुमचा खरेपणा आता मले परवडत नाही," ती म्हणाली, "पाटी बदला." साडूभाऊ जेवले नाहीत, पण पाटी बदलली. एकशे दहा, घरपोच फुकट. गेलेली गिऱ्हाइकं आली, नवीही आली. एकाने तर त्यांच्या पाठीवर थाप मारली, "आता कसं, सरळ काम."

काकूंकडून मात्र ते ऐंशीच घ्यायचे. ते कोणीतरी पाहिलं आणि संध्याकाळपर्यंत मोबाइलवर बोंब झाली की हे पोचवायचे तीस लावतात आणि फुकट सांगून फसवतात. दुसऱ्या दिवशी कितीतरी डबे बंद झाले. तेव्हा ताईनेच जीव घट्ट करून काकूंना एकशे दहा मागितले. काकूंनी ते लगेच मोजून दिले आणि त्या उलट साडूभाऊंनाच म्हणाल्या, "सर्वायले जो भाव तोच मले. तू काहून तोंड पाडून राहिला गा?"

त्याच्या दुसऱ्या दिवसापासून साडूभाऊ काकूंचा डबा घरपोच देतात. दोन घरांचं अंतर, पण स्कूटर बाहेर काढून, किक मारून, हेल्मेट घालून. काकूंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "येईन ना मी, पाय आहेत मले." साडूभाऊ ऐकेनात. "पोचवायचे पैसे घेतले ना तुमच्याकडून, काकू. मंग पोचवलंच पाहिजे." गल्ली हसते. मीही हसलो होतो.

पण काकू एकट्या राहतात. दुपारी डब्यासाठी येणं हेच त्यांचं घराबाहेर पडणं होतं. त्या स्वयंपाकघराच्या पायरीवर बसायच्या, ताईच्या भाजीला नावं ठेवायच्या, मुलाचा फोन आला की नाही ते सांगायच्या. आता कामाशिवाय कोणाच्या दारात जाणं त्यांच्या स्वभावात नाही, आणि ताईलाही मान वर करायला वेळ नसतो. परवा साडूभाऊ डबा घेऊन निघाले तेव्हा मी ताईच्या फाटकात होतो. काकू पातळ बदलून, पायात चपला घालून आपल्या फाटकाशी उभ्या होत्या. त्यांनी डबा घेतला, साडूभाऊ स्कूटर वळवून परत आले, तरी त्या जरा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग दाराशी चपला काढून त्या आत गेल्या.