पेटी पोटाशी धरायची

गोकुळ रोडवरच्या पंपांच्या कारखान्यात मी पॅकिंगला होते. दोन हजार साल उलटून गेलं होतं. पेट्या उचलून उचलून माझी कंबर अशी धरायची की देशपांडे नगरातले डॉक्टर म्हणाले, "असंच वाकत राहिलात तर अंथरूण धराल." मला धडकीच भरली. घरी आधीच सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. नवरा पहाटेच कामावर जायचा. सासूबाईंना उचलून खुर्चीत बसवणारी मीच एकटी. मी पडले तर त्यांचं कोण करणार?

तेवढ्यात मालकांनी आमच्या शेडमध्ये कॉम्प्युटर आणून ठेवला. त्यात चक्क खेळ! पडद्यावरच्या माणसाला पेटी उचलायला लावायची. कंबरेत वाकवला की त्याची पाठ लाल व्हायची आणि गडी धाडकन आडवा. आम्ही बायका कसल्या शिकतोय! मुद्दाम पाडायचो त्याला. "अय्यो, अण्णा पडला!" म्हणत हसून हसून पोट दुखायचं. सुपरवायझर कपाळाला हात लावून बसायचे. पण पुढं माझी मलाच चीड आली. दर वेळी पाडायचा म्हणजे काय? हट्टाला पेटले आणि शिकले. गुडघ्यात वाकायचं, पेटी पोटाशी घट्ट धरायची, पायांच्या जोरावर उठायचं. अण्णा सरळ उभा राहिला तेव्हा मीच टाळ्या वाजवल्या.

कारखान्यात कंबर दुखायची थांबली, घरी मात्र रोज सकाळी कळ यायचीच. मग डोक्यात प्रकाश पडला. सासूबाईंना मी लांबूनच, काखेत हात घालून ओढत होते. आमचं कधी जमलंच नव्हतं हो. त्या एक बोलायच्या, मी दोन.

दुसऱ्या दिवशी खाटेपाशी गुडघ्यात वाकले आणि त्यांना छातीशी घट्ट धरलं.

"अगं बाई, हे काय गं?" त्या दचकल्या.

"गप बसा. असंच उचलायचं असतं."

उठले. कंबरेला कळलंसुद्धा नाही! इतकी खूश झाले मी. त्यांना खुर्चीत टेकवलं आणि बाजूला व्हायला गेले, तर माझ्या पाठीवरचे हात त्या काढेचनात.

"थांब की जरा," म्हणाल्या. "या घरात आल्यापासून आज पहिल्यांदा जवळ आलीस."

मी तशीच त्यांच्यापुढं गुडघे टेकून बसले. कामाला उशीर झाला तर झाला.