तेल लावून दिवसा झोपले ती गोष्ट

झोप येत नाही असं चारचौघांत बोललं, की समोरचा प्रत्येक जण वैद्य होतो. विसाव्या वर्षी मी हे पुरेपूर भोगलंय. कुणी म्हणे खसखस वाट, कुणी म्हणे तळपायांना तूप चोळ, शेजारची मामी म्हणे उशाशी लोखंड ठेव. ठेवलं. अडकित्ता होता, मानेला टोचायचा. डोंबलाची झोप!

तंजावरच्या सासरहून मला कुंभकोणमला माहेरी आणून सोडलं होतं. मी झोपतच नव्हते, आणि चुकून डोळा लागला तर छाती धडधडून ताडकन उठायचे आणि घरभर फिरून सगळ्यांचे श्वास तपासायचे. हो, नाकाशी बोट धरून. सासूबाईंच्यासुद्धा. महिनाभर त्यांनी सोसलं. मग मामंजींनी मला पोचवलं आणि पाठोपाठ त्यांचं पत्र आलं: संक्रांतीनंतर येऊन बघतो, मुलगी धड असली तर नेतो, नसली तर मुलाचं दुसरं बघणं भाग आहे. ते पत्र देवघराच्या कोनाड्यात होतं. मी दिवसभर ओसरीतून परसात, परसातून ओसरीत. एका जागी बूड टेकायचं नाही. दूध उतू जाई, भात करपे, आणि कोनाड्याकडे बघायचं नाही म्हटलं तरी बघितलं जाई.

अप्पा कोर्टात दुभाषी होते. इंग्रजांनी तंजावर खालसा केलं तेव्हा आजोबांचं राजवाड्यातलं काम गेलं. घरात उरल्या त्या भाषा, आणि त्या अप्पांच्या कामी आल्या. साक्षीदार तमिळमध्ये जे बोलला ते गोऱ्या जज्जाला इंग्रजीत सांगायचं, अक्षर इकडचं तिकडे न करता. त्याचा त्यांना केवढा अभिमान! आणि हेच अप्पा मला मेलकावेरीच्या वैद्याकडे घेऊन गेले, तेव्हा वैद्यानं मला विचारलं, "काय होतं गं तुला?" मी तोंड उघडायच्या आत अप्पा म्हणाले, "पित्त. उष्णता फार." भीतीचं नाव नाही, छातीचं नाव नाही. पोरीच्या डोक्यात बिघाड आहे असं गावभर व्हायला नको, एवढंच त्यांना पडलेलं. मला असा राग आला, की परतताना मी त्यांच्या दहा पावलं मागून चालले. वैद्य बिचारा काय करणार? पित्तावर जे देतात ते त्यानं दिलं. दुधात जायफळ, आणि दर शुक्रवारी न चुकता तिळाच्या तेलानं न्हाणं.

आता आमच्या घरचा कायदा असा, की तेलाचं न्हाणं झालं की त्या दिवशी दिवसा झोपायचं नाही. इथल्या तमिळ शेजाऱ्यांकडून आमच्या पूर्वजांनी हे घेतलं आणि त्यांच्यापेक्षाही कडक पाळलं. आई मला पाटावर बसवून डोक्यात तेल जिरवायची, शिकेकाईनं न्हाऊ घालायची. मग मिऱ्याचं सार आणि ऊन भात पोटात गेला, की इतके दिवस रुसलेली झोप डोळ्यांवर यायचीच. मान खांबाला टेकायची. की लगेच आई, "अगं ऊठ, ऊठ! तेल लावून झोपतेस?" आणि तोंडावर पाण्याचा हबका. मी किंचाळून उठायचे आणि धावत जाऊन धाकट्या बहिणीच्या नाकाशी बोट धरायचे. झोपेचं औषध द्यायचं आणि झोप आली की हाकलायची! यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही, खरं सांगते. उलट मीच आईला बजावायचे, मला झोपू देऊ नकोस हं.

मग तिरुनीलक्कुडीचा नवस झाला. तिथल्या शंकराच्या पिंडीवर तेल ओततात. कितीही ओता, ते मुरतं. आम्ही बैलगाडीतून घागरभर तेल नेलं. आई डोळे मिटून पुटपुटत होती. मी वैतागून मनात म्हटलं, घे बाबा, तूच पी सगळं, आणि तूच झोप. देवाला असं बोलले म्हणून परतीच्या वाटेवर आणखी एक भीती पाठीस लागली.

शेवटी अप्पा नाक मुठीत धरून मला मिशनच्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या गोऱ्या डॉक्टरीणबाईंपुढे त्यांनी इंग्रजीत पित्तपुराण सुरू केलं. बाईंनी ऐकून घेतलं, त्यांना बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं आणि दार लावलं. मग मोडक्या तमिळमध्ये मला विचारलं, "शेवटची गाढ झोप कधी लागली होती?"

अगं बाई! एवढ्या वैद्यांत हे कुणीच विचारलं नव्हतं.

"सासरी असताना, एका शुक्रवारी," मी म्हटलं, आणि सुटलेच. माझ्या थोरल्या जाऊबाई तापानं अंथरुणाला खिळलेल्या. मी तेलानं न्हाऊन त्यांना वारा घालायला बसले, आणि पंखा हातात असतानाच झोपले. जाग आली ती सासूबाईंच्या हंबरड्यानं. तेराव्याला एक म्हातारी आतेसासू भरल्या पानावरून म्हणाली, "ही तेल लावून झोपली, आणि घरातलं माणूस गेलं." तिला कुणीही गप्प केलं नाही. माझ्या नवऱ्यानंसुद्धा.

बाईंनी कडू औषधाची बाटली दिली. म्हणाल्या, "चार दिवस घे. पण हे तुझ्या आईला सांग. तेवढं बाटलीनं होणार नाही."

पुढच्या शुक्रवारी तेल लावून घेताना मी आईला सांगितलं. तिचे हात माझ्या डोक्यावर थांबले.

"किती दिवस ताप होता तिला?"

"अठरावा दिवस."

"वैद्य काय म्हणाला होता?"

"आशा नाही म्हणाला होता."

"मग तुझ्या डुलकीनं काय केलं गं, बाळ?" आई म्हणाली, आणि आम्ही दोघी तिथेच न्हाणीघरात रडलो. तेलानं डोळे चुरचुरत होते ते वेगळंच.

जेवण झाल्यावर तिनं स्वतः माजघरात चटई टाकली. "झोप. सगळ्यांचे श्वास मी बघते."

आणि त्याच दुपारच्या गाडीनं मामंजी आले. पुढचं मला अप्पांनी नंतर सांगितलं. ते धावत आत आले, "उठव तिला, व्याही आलेत!" आई जागची हलली नाही. ओसरीवरून मामंजींचा आवाज आला, "शुक्रवारी तेल लावून दिवसाढवळ्या झोपलीय? उठवा, नाहीतर मी समजायचं ते समजेन." आई व्याह्यांशी कधी बोलत नसे. ती अप्पांना म्हणाली, "त्यांना सांगा, मी निजवलंय. तुमच्या घरानं माझ्या पोरीची झोप नेली, ती आज परत आलीय. उठवणार नाही."

आणि माझ्या अप्पांनी, पित्तवाल्या अप्पांनी, ते ओसरीवर जसंच्या तसं सांगितलं.

मामंजी पाणीही न पिता गेले. वर्षाच्या आत त्यांच्या मुलाचं दुसरं लग्न झालं. मी पुन्हा तंजावरला गेले नाही.

त्या दिवशी दिवेलागणीला मला जाग आली. आई उशाशी तशीच बसलेली होती, डोळे सुजलेले. तिचं बोट माझ्या नाकाशी होतं.