दस्त्यावरच्या तीन खाचा

ही गोष्ट सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं, असं म्हणणंही पूर्ण खरं नाही. मी ती पुष्कळदा सांगितली, पण खोटी सांगितली. बंदुकांचे शौकीन जमले की मी सुरू करायचो, सरकारी नियमांपायी एक देखणी रायफल कशी नासली. ऐकणारे हळहळायचे, आणि मला बरं वाटायचं.

उल्हासनगर कॅम्प एकमध्ये कापडाचं दुकान असलेला एक सिंधी गृहस्थ माझा मित्र होता. मी त्याला साईं म्हणायचो, तो मला भाऊ. काडतुसांच्या दुकानात ओळख झाली आणि तिथेच दोघांना कळलं की आपल्याला एकच वेड आहे: फौजी बनावटीची रायफल. खरी फौजेतली थ्री-नॉट-थ्री सामान्य माणसाला ठेवता येत नाही. पण तिच्याच सांगाड्याची, मुलकी बोअरची, म्हणजे नागरिकांना चालणाऱ्या नळीच्या मापाची, रायफल परवान्यावर मिळते. साईंकडे तशी एक होती, त्याच्या वडिलांची. बोल्ट मागे ओढला की असा आवाज यायचा, की मी दुकानात बसून तो पुनःपुन्हा ओढत राहायचो आणि साईं गिऱ्हाइकांना सांगायचा, "इनको कपडा नको, आवाज पाहिजे."

मग कायदा बदलला. एका परवान्यावर दोनच हत्यारं. साईंकडे तीन होती. एक सोडायचं होतं आणि विकत घेणारा सापडेना. माझ्याकडे एकच होतं. वडिलांची रायफल तू घेशील का, असं साईंनी विचारलं तेव्हा माझ्या हातातला चहा कपड्यांवर सांडला.

त्यानंतरचे महिने म्हणजे खेटे. अर्जात हत्यार कशासाठी हवं असं विचारलं होतं. मी लिहिलं, आवड आहे म्हणून. कारकून हसला. "काका, आवड चालत नाही. चामटोलीला भात लावता ना? मग रानडुक्कर लिहा." मी रानडुक्कर लिहिलं. शेजाऱ्यांचे जबाब झाले, डॉक्टरचा दाखला झाला. प्रत्येक टेबलावर मी चिडायचो आणि घरी येताना पुन्हा खूश व्हायचो, कारण एक टेबल कमी झालेलं असायचं.

परवानगी आली त्या दिवशी रायफल कव्हरात घालून मी साईंसह कॅम्प एकहून रिक्षाने निघालो. कागद खिशात, खिशावर हात. अंबरनाथला रिक्षावाल्याने आरशातून बघत विचारलं, "काका, क्रिकेट का?" साईं म्हणाला, "हां, ओपनिंगला येतात." आम्ही दोघं बदलापूरपर्यंत हसत होतो. वाटेत साईं काहीतरी सांगत होता, दस्त्याबद्दल, म्हणजे रायफलीच्या मागच्या लाकडी भागाबद्दल, वडिलांबद्दल. मी हं हं म्हणत होतो. कव्हराची चेन थोडी उघडून मी आत बोट घातलं होतं आणि गार लोखंडाला लावून ठेवलं होतं. मी ऐकत नव्हतो.

चामटोलीला माझ्या घरी पोचल्यावर साईंनी एकच मागणं केलं. "दर दसऱ्याला पूजेला येईन, भाऊ. हात लावून जाईन. बस."

पुढे ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आणि हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायचा हुकूम आला. मी खूप बडबड केली. ज्याच्या हातून आयुष्यात एक ससा मेला नाही त्याच्या रायफलीने कुठली निवडणूक बिघडणार होती? पण रायफल परत मिळाली ती अगदी जशीच्या तशी. हवालदाराने ती जुन्या चादरीत गुंडाळून ठेवली होती, वर तेलाचा हातही मारला होता.

मी अंबरनाथच्या एका कारखान्यात तीस वर्षं फिनिशिंगला काढली. तिथे ओरखडा म्हणजे माल नापास. निवृत्त झालो तरी ओरखडा दिसला की माझे हात शिवशिवतात. दसरा जवळ आला तसं मला वाटलं, साईंला चकित करावं. दस्त्यावर नेम धरताना गाल टेकतो त्या जागी तेलकट काळा डाग होता, खाली तीन बारीक खाचा. मी आधी जाडा पॉलिश पेपर घेतला, मग बारीक, मग त्याहून बारीक. लाकूड आतून मधासारखं निघालं. काय आनंद झाला होता मला! त्या रात्री झोप आली नाही.

दसऱ्याला साईं आला. रायफल पाटावर, झेंडूची माळ घातलेली, नुसती झळकत होती. त्याने हात जोडले, मग दस्त्यावर अंगठा फिरवला. एकदा, पुन्हा एकदा, काहीतरी शोधल्यासारखा. "भाऊ, खाचा कुठे आहेत?"

मी झेंडूची माळ सरळ करू लागलो.

"तीन होत्या. बाबांनी चाकूने केल्या होत्या, प्रत्येक मूल झालं तेव्हा एक. खालची माझी. रिक्षात सांगितलं होतं ना तुला."

आणि मी म्हणालो, "ठाण्यात ओल लागली, साईं. लाकूड फुगलं, बुरशी आली. घासावंच लागलं." इतक्या सहज बोललो की मलाच पटलं. नियमांवरचा राग तयार होता, फक्त माझं केलेलं नियमांच्या अंगावर ढकलायचं होतं.

साईं जेवला नाही. दुसऱ्या दिवशी मला घेऊन ठाण्यात गेला आणि सगळ्यांसमोर हवालदारावर बरसला. हवालदार म्हणाला, "आमच्याकडे ओल नाही लागली. हे स्वतः बघून घेऊन गेले." आणि माझ्याकडे पाहिलं. मी चपलेचा अंगठा नीट करत राहिलो.

साईं त्यानंतरही दसऱ्याला येत राहिला. पण दस्त्याला हात लावत नसे, नळीला लावायचा. गेल्या वर्षी तो आजारी पडला. मी ठरवून गेलो होतो, आज सांगायचंच. पलंगावरून त्याने माझा हात धरला आणि म्हणाला, "तू मनाला लावून घेऊ नकोस, भाऊ. तू तर जपली. कायद्यानेच घात केला." त्याची सून चहा घेऊन आली. मी चहा प्यायलो आणि उठलो. पुढच्या आठवड्यात तो गेला.

त्या दिवशी त्याच्या घराचा जिना चढताना जुळवलेलं वाक्य फार मोठं नव्हतं. साईं, ठाण्यात काही झालं नव्हतं. तुझी खाच मी माझ्या हाताने पुसली, आणि खूश होऊन पुसली. मला माफ कर.