मुकी रिक्षा

खंडेरावानं चावी फिरवली आणि कान टवकारून बसला. रिक्षा चालू झाली का नाही, काही कळेना. म्हणून मूठ जराशी पिळली, तर गाडी सरळ पेरूवालीच्या टोपलीत! दौलताबादला बावीस वर्षं रिक्षा चालवलेला माणूस, आणि सगळा स्टँड त्याला फिदीफिदी हसला.

"बाबा, हिरवा दिवा लागला की चालू," लेक प्रांजली रोज समजवायची. पेट्रोलची रिक्षा मोडीत काढून ही बॅटरीची तिनंच हट्टानं आणवली होती. खंडेरावाला दिवा दिसायचा, पण पटायचा नाही. गाडी म्हटली की ती थरथरायला नको, खोकायला नको? ही मेली गप्पगार!

त्यात घोळ झाला तो आक्काबाईचा. शहराच्या वाटेवर, रस्त्यापासून शंभर पावलांवर या म्हातारीचं घर. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले. दर गुरुवारी खंडेरावच तिला शहरातल्या दवाखान्यात न्यायचा. निरोप नाही, फोन नाही. जुन्या रिक्षाची फटफट लांबून ऐकली की आक्काबाई काठी टेकत बाभळीखाली येऊन उभी.

त्या गुरुवारी तिच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. खंडेराव बाभळीखाली थांबला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. हॉर्न मारला, पण त्या रस्त्यावर ट्रकवाले दिवसभर बोंबलतात, एका हॉर्नला कोण विचारतो! मागची माणसं कुरकुरायला लागली. बरं, आक्काबाई आधीच म्हणाली होती, "लाइटच्या गाडीत मी नाय बसायची बाबा, करंट लागंल." भ्याली असंल, असं समजून तो निघून गेला.

संध्याकाळी परतताना घरी डोकावला. मांडीवर कागदांची पिशवी घेऊन आक्काबाई तशीच उंबऱ्यात बसलेली.

"आला का नाहीस रं खंड्या? सकाळधरनं कान लावून बसले."

"आलो होतो" हे शब्द जिभेवर आले. पण आलो असून आलोच नाही, हे म्हातारीला सांगावं कसं? त्याला लई वाईट वाटलं.

प्रांजलीनं खटपट करून पुढच्या गुरुवारची तारीख मिळवली. खंडेराव आठवडाभर डोकं खाजवत राहिला. शेवटी खुंटीवरची बापाची घंटी काढली. बाप सोनाजी मेंढरं राखायचा, त्याच्या म्होरक्या एडक्याच्या गळ्यातली ही घंटी. ती त्यानं रिक्षाला पुढं बांधली.

गुरुवारी बाभळीपाशी घंटी खणखणली, आणि आक्काबाई काठी उगारून धावतच आली. "हट्! हट्! कुणाची मेंढरं रं? हाकला आधी, माझी मेथी खातील!"

"आक्का, मेंढरं नायत. मी हाय, खंडू."

म्हातारी थबकली. चाचपत घंटी हातात धरली. "आगं बया! ही सोनाजीच्या एडक्याची."

"व्हय."

 आक्काबाई काठी टेकत घरी गेली, पिशवी आणली आणि रिक्षात बसली.

"करंट लागंल का रं?"

"नाय लागत."

"चालू हाय का ही?"

"दिवा लागलाय, म्हंजी असंल."

"मला दिवा दिसंना, तुला गाडी कळंना! चल बाबा. एकदा डोळ्याला दिसाय लागलं, की लांबून बघूनच उठीन मी. मग घंटी ठिव घरी, नायतर रोज काठी घिऊन धावावं लागंल मला."