आमच्या रेक्टरांचा बडग्या

आमच्या नागपूरच्या कॉलेजचा नियम होता की शिकायचं तर हॉस्टेलातच राहायचं. माझं गाव सावनेरच्या पलीकडे, त्यामुळे मला हा नियम सोयीचा होता. माझ्या रूममेटचं घर मात्र धरमपेठेत, कॉलेजपासून इतकं जवळ की वारा तिकडून असला तर आईनं कशाला फोडणी दिली ते त्याला खाटेवर पडल्या पडल्या कळायचं. तरी बिचारा दोन्ही वेळा मेसची वांगी खायचा. कॉलेज फक्त आर्ट्सचं आणि एवढंसं होतं. सगळे विद्यार्थी दोन एस.टी. गाड्यांत आरामात बसले असते, आणि एकमेकांचे बनियन कोणते हेसुद्धा सगळ्यांना माहीत होतं.

आमचे रेक्टर तर्कशास्त्र शिकवायचे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे, हे त्यांचं आवडतं उदाहरण. नागपूरच्या आसपास डोंगर म्हणावं असं फारसं काही नसल्यामुळे ते खिडकीतून मेसच्या धुराड्याकडे बोट दाखवायचे. वर्गात पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलत, हळू बोलत, आणि कोणी चुकलं तर स्वतःच ओशाळत.

असा माणूस हॉस्टेल काय चालवणार? रात्री फाटकाला कुलूप लागे, पण किल्ली तुळशीच्या कुंडीखाली आहे हे त्यांनी आम्हाला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. उशिरा येणाऱ्याला ते एकच प्रश्न विचारत, "जेवलास का?" सकाळच्या हजेरीला कोणी दिसला नाही तर तो आजारीच असणार असं ते धरून चालत आणि थर्मामीटर घेऊन त्याच्या खोलीवर जात. त्यामुळे सिनेमाचा दुसरा खेळ बघून झोपून राहिलेल्या मुलाला सकाळी तोंडात काच धरून पडावं लागायचं. एकानं तो थर्मामीटर गरम चहात बुडवला, तर सर घाबरून टांगा आणायला धावले. मला ह्या भोळेपणाचा कधी कधी संतापही यायचा. इतक्या चांगल्या माणसाला फसवण्यात काही मजाच उरत नाही.

त्या वर्षी पोळ्याच्या दोनेक आठवडे आधी पीटी सरांनी मला केस वाढवल्याबद्दल प्राचार्यांच्या खोलीबाहेर उभं केलं. पीटी सर म्हणजे गळ्यात शिटी असलेले आणि ती झोपतानाही काढत नसावेत असा आमचा समज असलेले गृहस्थ. मी उभा होतो आणि आत प्राचार्य रेक्टरांशी बोलत होते. दार उघडंच होतं.

"आधीच्या रेक्टरांचा दर पोळ्याला बडग्या निघायचा. मुलं चळचळा कापत त्यांच्यापुढे. तुमचा एकदा तरी निघाला का?"

"नाही निघाला," सर म्हणाले. नापास झालेला मुलगा घरी सांगतो तशा आवाजात.

"मग शिस्त कुठे आहे? ह्या वर्षीचा पोळा बघतो मी. नाहीतर दिवाळीनंतर हॉस्टेल पीटी सरांकडे देऊ. तुम्ही तेवढं क्वार्टर रिकामं करा."

नागपूरकरांना बडग्या सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत, म्हणजे गावावरची संकटं बरोबर नेणारी बाईची मोठी पुतळी, निघते आणि तिच्याबरोबर बडगे. ज्याचा लोकांना जाच होतो, मग ती महागाई असो की एखादा माणूस, त्याचा पुतळा करायचा, गळ्यात पाटी अडकवायची, "घेऊन जा गे मारबत" असं ओरडत मिरवायचा आणि शेवटी जाळायचा. आमच्या हॉस्टेलचा आपला छोटा बडग्या कॉलेजच्या आवारातच निघे. आधीच्या रेक्टरांना तो मान दर वर्षी मिळाला होता. प्राचार्य इतिहासाचे असल्यामुळे त्यांना पुरावा लागे आणि त्यांच्या लेखी बडग्या हाच कडकपणाचा पुरावा होता.

क्वार्टर जाणार ह्याचं सरांपेक्षा मला काकूंसाठी वाईट वाटलं. काकू म्हणजे सरांच्या पत्नी. त्यांनी अंगणात संत्र्याचं झाड लावलं होतं. ते तिसऱ्या वर्षात होतं आणि पाचव्या वर्षी फळ धरेल म्हणून त्या रोज त्याच्याशी बोलत. पीटी सर मात्र एव्हाना पडद्यांसाठी क्वार्टरच्या खिडक्यांची मापं घेऊन गेले होते.

मी खोलीवर येऊन सगळं सांगितलं. रूममेट खाटेवरून उठलासुद्धा नाही.

"त्यात काय बे? काढू ना सरचा बडग्या. आपल्याले ठेवाचा हाय ना हा माणूस?"

आता बडग्या काढायचा तर गळ्यात जुलमाची पाटी हवी. संध्याकाळी सगळं हॉस्टेल मेसमध्ये बसलं आणि सरांचा एक तरी जुलूम आठवू लागलं. वांग्याची भाजी निघाली, पण सर स्वतःही तीच खात. शेवटी थर्मामीटरवर एकमत झालं. 'थर्मामीटरशाही घेऊन जा गे मारबत' अशी पाटी रंगवायचं ठरलं.

पुतळ्याला कोट पाहिजे होता. तो मागायला रूममेट आणि मी क्वार्टरवर गेलो आणि अर्थातच सगळं सांगावं लागलं. सर बोटांवर मोजू लागले.

"कडक रेक्टरांचा बडग्या निघतो. माझा बडग्या निघाला. म्हणून मी कडक," ते म्हणाले. "हा तर्क साफ चुकीचा आहे. परीक्षेत लिहिलात तर मी शून्य देईन."

आम्ही उठलो.

"बसा. प्राचार्यांना तर्कशास्त्र कुठे येतं," असं म्हणून त्यांनी खुंटीवरचा कोट काढून दिला.

त्यानंतर सरांना इतका उत्साह चढला की आमची पंचाईत झाली. रोज संध्याकाळी ते मेसच्या मागे येऊन बांबू आणि तणसाचा तो सांगाडा बघायचे. स्वतःवर नवे आरोप सुचवायचे, तेही इतके मिळमिळीत की घ्यायची सोय नव्हती. एकदा म्हणाले, "मी वाचनालयात पंखा बंद करायला विसरतो, हे चालेल का?" काकूही आल्या. त्यांनी पुतळ्याभोवती एक फेरी मारली आणि रूममेटला विचारलं, "ह्यांचं पोट एवढंसं काहून केलं गा? मी काय उपाशी ठेवतो का यायले?" मग आणखी तणस भरलं. पुतळ्याचं तोंड रूममेटनं मातीचं केलं होतं आणि ते, काय सांगू, हुबेहूब झालं होतं. तोच ओशाळा चेहरा, वर तारेचा चष्मा.

पोळ्याला गावाकडची सगळी पोरं घरी जात. त्या वर्षी कोणी गेलं नाही. माझे वडील कापसाच्या सरकीचं काहीतरी काम काढून नागपूरला आले आणि हॉस्टेलच्या फाटकात उभे राहिले.

"बैलं कोन सजवन? तू काहून येत नाही?"

"आमच्या मास्तरचा बडग्या काढून राहिलो बाबा."

"इतका खराब हाय का मास्तर?"

"नाही. लय चांगला हाय."

वडिलांनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "काय शिकवून राहिले तुले इथं?" एवढं म्हणून ते गेले. पोळ्याच्या संध्याकाळी मला आमची बैलजोडी डोळ्यांसमोर दिसत होती. माझ्याशिवाय त्यांची शिंगं कोणी रंगवली असतील ह्या विचारानं जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बडग्या निघाला. आम्ही घसा फाटेस्तोवर ओरडत आवारात दोन फेऱ्या मारल्या. प्राचार्य बंगल्याच्या पायऱ्यांवर उभे होते आणि पीटी सर मिरवणुकीची रांग सरळ करायला शिट्या फुंकत होते. आमच्या रेक्टरांना आम्ही बजावलं होतं की अपमान झाल्यासारखं तोंड करून उभं राहायचं. त्यांनी आरशासमोर सराव केला होता, पण काकूंच्या मते त्या तोंडानं दाढ दुखते असं वाटत होतं. शिवाय कोणी "पुतळा अगदी सरांसारखा झाला" म्हणालं की ते खुशीत हसायचे. प्राचार्यांच्या कपाळावर आठी चढत चाललेली मला दिसत होती.

मैदानात पुतळा उभा केला. तणसावर रॉकेल टाकलं. काडेपेटी माझ्या हातात होती, कारण बातमी मी आणली होती. मी काडी ओढली, वर पाहिलं आणि तो मातीचा ओशाळा चेहरा माझ्याकडे बघत होता. काडी विझली. आमच्या घरी ह्याच दिवशी पहाटे आई पळसाच्या फांद्या गावाबाहेर टाकायला नेते आणि हेच शब्द म्हणते, रोगराई घेऊन जा, इडापिडा घेऊन जा. ती थट्टेनं म्हणत नाही. आणि मी सरांना घेऊन जा म्हणत होतो. मी काडेपेटी रूममेटकडे दिली. त्यानं ती शेजारच्याला दिली. अशी ती सगळ्या हॉस्टेलभर फिरून परत माझ्याकडे आली. कोणीतरी मागून पुटपुटलं, "जित्या मानसाले काडी कशी लावाव गा?"

"काय झालं?" प्राचार्य पायऱ्यांवरून म्हणाले. "पेटवत का नाही? एवढं प्रेम आहे का रेक्टरांवर?"

सगळं संपलं होतं. काकूंनी पदर तोंडाला लावला. पीटी सरांनी शिटी तोंडातून काढली, आता तिची गरज नाही अशा थाटात.

तेव्हा मागून आवाज आला. तो सरांचा आहे हे आधी कोणाला कळलंच नाही. "काडी लावतं का नाही बे? हे हॉस्टेल तुया बापाचं हाय का? आत्ताच्या आत्ता पेटव, नाहीतर खाटेसकट उचलून फेकीन तुले फाटकाबाहेर!"

आमच्या सरांना वऱ्हाडी येते हेच आम्हाला माहीत नव्हतं. मी इतका टरकलो की काडी कधी ओढली ते आठवत नाही. आधी धूर झाला, मग अग्नी, आणि कोट धडाधडा पेटला. सगळं हॉस्टेल ताठ उभं होतं. पीटी सरसुद्धा.

प्राचार्यांनी बराच वेळ धुराकडे पाहिलं. "आवाज आहे हो तुम्हाला," ते रेक्टरांना म्हणाले आणि आत गेले.

हॉस्टेल सरांकडेच राहिलं. पीटी सरांनी पडदे शिवून घेतले होते, ते पुढे जिमखान्याला लावले. नागपुरात डंबेल्सना पडदे असलेलं आमचं एकटंच कॉलेज असावं. काकूंच्या झाडाला पाचव्या वर्षी खरोखरच संत्री धरली. ती इतकी आंबट होती की खाणाऱ्याचा एक डोळा आपोआप मिटायचा. त्या हौसेनं वाटत आणि आम्ही एका डोळ्यानं तारीफ करत असू.

पण त्या दिवशीची संध्याकाळ सांगायची राहिली. मी खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. दार वाजलं आणि सर आत आले, अंगात कोट नाही, हातात थर्मामीटर.

"सकाळी थरथरत होतास. ताप असेल," असं म्हणून त्यांनी तो माझ्या तोंडात घातला आणि खाटेच्या कडेवर टेकले. बराच वेळ घड्याळाकडेच बघत राहिले. मग पुन्हा त्या पुस्तकी, हळू आवाजात म्हणाले, "मी तुझ्या वडिलांचा उल्लेख केला. तो करायला नको होता. ते मुलाला भेटायला इतक्या लांब आले होते. मला माफ कर."

मला खूप काही सांगायचं होतं. की पोळा सोडून आम्ही सगळे कशासाठी थांबलो, की काडी का लागत नव्हती, की वडिलांचं मला काहीच वाटलं नाही. मी तोंड उघडायला गेलो.

"बोलू नको," सर म्हणाले. "पारा हलतो."

मी गप्प पडून राहिलो आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सरांनी ते पाहिलं, थर्मामीटर काढला, उजेडाकडे धरून वाचला. ताप नव्हता.

"डोळ्यांत पाणी आहे, म्हणजे सकाळचा धूर लागला," ते म्हणाले आणि माझ्या अंगावर चादर ओढून गेले. सरांचं धुराचं अनुमान चुकलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.