दोनशे चुकीची पुस्तकं

पुस्तकांवर माझ्या मावशीच्या यजमानांइतका जीव टाकणारा आणि त्यांच्याइतकी कमी पुस्तकं वाचलेला माणूस उभ्या हैदराबादेत दुसरा सापडायचा नाही. चिक्कडपल्लीच्या एका छापखान्यात बाइंडिंगच्या टेबलाशी उभं राहून काकांनी मराठी, तेलुगू, उर्दू अशी लाखभर पुस्तकं तपासली असतील. पण एकाचीही गोष्ट त्यांना सांगता येणार नाही. छापलेल्या कागदाला घड्या घालून सोळा पानांचा जो फर्मा होतो, तो जागच्या जागी आहे ना, उलटा तर शिवला नाही ना, एवढंच ते बघतात. पुस्तक कसं आहे म्हणून विचारावं, तर ते कानाशी धरून अंगठ्यानं पानं फर्रकन सोडतात आणि सांगतात, "शिलाई चांगली आहे."

ही खोड छापखान्यातच राहिली असती तर बरं झालं असतं. माझ्या लग्नात, ऐन कन्यादानाच्या वेळी, गुरुजींच्या पोथीची पानं मागेपुढे झालेली यांना दिसली. गुरुजी तोंडपाठ म्हणत होते, पानांकडे बघतही नव्हते. पण काका थेट पुढे गेले आणि त्यांच्या हातातली पोथीच काढून घेतली. "नवाच्या मागं चौदा लागलंय महाराज, असं कसं चालंल?" पानं लावून, पाटावर ठोकून, कडा एकसारख्या करून त्यांनी पोथी परत दिली, तेव्हा कुठे लग्न पुढे सरकलं. माझे सासरे हे अजून विसरलेले नाहीत. नामपल्लीच्या नुमाइशीत, म्हणजे दरवर्षीच्या मोठ्या प्रदर्शनात, मावशी बांगड्या बघते आणि हे डायऱ्यांच्या स्टॉलवर एकेका डायरीची पाठ ओढून बघतात. एकदा दुकानदार वैतागून म्हणाला, "चाचा, डायरी लेरे क्या इम्तिहान लेरे?"

तर अशा या माणसाच्या टेबलावर गेल्या वर्षी एआयचा कॅमेरा आला. फर्मे त्याच्यासमोरून सरकत जाणार आणि चुकलेला फर्मा तो डोळ्याचं पातं लवायच्या आत पकडणार. फक्त आधी त्याला चुका दाखवून शिकवायला हवं होतं, आणि काकांच्या टेबलावरून चुकीचं पुस्तक कधी बाहेरच पडलेलं नव्हतं. मालक म्हणाले, "अंकल, दो सौ गलत किताबां तुमीच बना के देओ." कॅमेरा शिकला की काकांचं टेबल जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. काकांनाही.

पहिल्या दिवशी त्यांनी आठवीच्या गणिताची बारा पुस्तकं चुकवली. कॅमेऱ्याच्या कंपनीतून आलेल्या इंजिनिअर बाईंनी तपासली, तर त्यांतली सात बरोबर निघाली. उलटा ठेवलेला फर्मा शिवता शिवता हातांनी आपणहून सुलटा केला होता! शेवटी काका भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून, हाताला येईल तो फर्मा लावू लागले. त्या दिवसांत त्यांचं जेवण कमी झालं, असं मावशी सांगते.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "काका, चुकीची म्हणून मधूनमधून बरोबर पुस्तकं द्या ना सारून. मशीनचा गोंधळ होईल, तुमचं टेबल राहील."

ते माझ्यावर जे उखडले! "येडा झाला का रे? मशीन असली म्हणून काय झालं, शिकायलाच बसलीय ना ती? आन् उद्या तिच्या हातून उलटा फर्मा एखाद्या लेकराच्या दप्तरात गेला तर? नक्को बाबा."

कॅमेरा उत्तम शिकला. शेवटच्या परीक्षेत त्यानं एकही चूक सोडली नाही. काकांनी त्याच्या खांबावर थाप मारली आणि म्हणाले, "हुशार आहे." पुढच्या महिन्यापासून त्यांना आठवड्यातून दोन दिवस, जुन्या पुस्तकांच्या दुरुस्तीपुरतं बोलावू लागले.

गेल्या रविवारी मी नल्लकुंट्याला त्यांच्या घरी गेलो, तर बैठकीत पाय ठेवायला जागा नाही. ती दोनशे पुस्तकं रद्दीत निघाली होती, ती काकांनी रिक्षात घालून घरी आणली होती. जमिनीवर मांडी घालून ते एकेकाची शिलाई उसवत होते, फर्मे लावत होते, पुन्हा शिवत होते. हात पूर्वीसारखा चालत नव्हता.

"काका, आता ही कुणाला हवीयत?" मी विचारलं.

त्यांनी मान वर केली नाही. "कुणाला कशाला पायजेत? माझ्या हातानं चुकलीत ना."

मीही खाली बसलो. त्यांनी सुई कुठे घालायची ते दाखवलं, आणि मी एक पुस्तक घेऊन उसवायला लागलो.